चीफसाहेबांचं अँटवर्प

मनोहर पावसकरांना आमच्या ब्लॉकमध्ये कुणी मनोहर म्हणत नाही आणि पावसकरही म्हणत नाही. ते चीफ. जहाजावर चीफ इंजिनियर होते म्हणून चीफ, आणि जहाज सोडून पाच वर्षं झाली तरी चीफच. आता ते एका कंपनीत जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करतात, पण घरातसुद्धा इंजिनरूमचा बॉयलर सूट अंगात असल्यासारखे वावरतात. बिशानच्या आमच्या ब्लॉकची लिफ्ट आली की आधी तिच्या दारावर तळहात ठेवतात. मग डोळे मिटून म्हणतात, "बेअरिंग गेलंय." मागे उभ्या असलेल्या चिनी आजीबाई घाबरून जिन्याने जातात.

तळहात ठेवतात, कारण कानांचा उपयोग उरलेला नाही. पंचवीस वर्षं इंजिनरूममध्ये काढल्यावर जाड आवाज तेवढे कळतात. बारीक आवाज मात्र त्यांच्या दुनियेतून उठून गेले. घड्याळाचा गजर, कुकरची शिट्टी, दाराची बेल, यातलं काही नाही. मी बेल वाजवत बसत नाही, दारावर बुक्की मारते. आणि ते स्वतः बोलतात ते समोरच्या जहाजाशी बोलल्यासारखं. "गिरिजा, मीठ!" असं ते बायकोला ओरडले की शेजारच्या घरात आमचे प्रकाशराव निमूटपणे मीठ माझ्यापुढे सरकवतात.

पण परदेशातल्या आमच्या मराठी मंडळात त्यांचा रुबाब होता तो युरोपमुळे. आमच्यातले बरेच जण युरोपला जाऊन आलेले, सात दिवसांत नऊ देश करून. फोटोत सगळ्यांच्या डोळ्यांवर झोप. त्यांचं वर्णन सुरू झालं की चीफ शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "आम्ही अँटवर्पला असताना..." झालं. मग नदीवरचं धुकं, कॅथेड्रलच्या घंटा, दगडी गल्ल्या, खिडकीत बसून लेस विणणाऱ्या म्हाताऱ्या. बावीस वेळा गेलेला माणूस. सात दिवसवाले आपले आल्बम पिशवीत घालायचे.

गिरिजाकडे तर त्या बावीस खेपांची पत्रंच होती. ती अधूनमधून मला वाचून दाखवायची. मी ऐकायचे आणि घरी येऊन प्रकाशला म्हणायचे, "बघा, लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही मला रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून एक चिठ्ठी तरी पाठवलीत का?" प्रकाश म्हणायचा, "मी रोज सातला घरी येतो ना."

तर त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, पाडव्याच्या कार्यक्रमात गिरिजाने जाहीर केलं की ती अँटवर्पला चालली आहे. तिच्या कै. बहिणीची मुलगी अनघा तिथे असते, मे महिन्यात बाळंत होणार होती. आई नाही, तेव्हा बाळंतपण मावशीनेच करायचं. सगळ्यांनी "वा वा" केलं. मेथीचे लाडू की डिंकाचे यावर बायकांमध्ये दोन तट पडले. आणि मग गिरिजा श्रीखंडाची वाटी हातात घेऊन म्हणाली, "अनघा लिहिते, तिथे म्हणे कॅसेट मिळते. कानाला लावायची आणि ती सांगेल तसं गावातून चालायचं. इथे वळा, इथे थांबा, हे बघा."

"अगोबाई!" आम्ही म्हणालो.

"पण मी म्हटलं, कुणी परकी बाई इंग्रजीत कशाला हवी मला? आमच्याच घरात बावीस वेळा गेलेला माणूस आहे. हेच करून देणारेत मला कॅसेट. मराठीत. हो की नाही हो?"

चीफच्या हातातली पुरी हवेत थांबली. हे मी पाहिलं. इतरांनी नाही पाहिलं, कारण इतरांना दुसऱ्याच्या ताटात बघायची सवय नाही.

"देणार म्हणजे?" चीफ गरजले. "देणारच!"

टाळ्या पडल्या.

त्यानंतर आठवड्याभरात ते बिघडले. आधी शेजारच्या आंग मो कियोच्या लायब्ररीतून पुस्तकं आणली, ती वर्तमानपत्रात गुंडाळून. मग संध्याकाळी फिरायला जायला लागले. जो माणूस खालच्या दुकानात ब्रेड आणायला जाताना कुरकुरतो, तो रोज साडेपाचला खाली उतरायचा. हातात टेपरेकॉर्डर, कॉलरला माइक, खिशात कागद. बास्केटबॉल कोर्टावरून निघायचा, ओठ हलवत पावलं मोजायचा, मल्टिस्टोरी कार पार्कसमोर येऊन थबकायचा आणि मान वर करून त्या कार पार्ककडे असा बघायचा की मलाच वाटायला लागलं, आपण त्या इमारतीत काहीतरी बघायचं राहून गेलंय.

एकदा न राहवून मी विचारलं, "काय भावोजी, गाडी हरवली का?"

ते दचकले. टेपरेकॉर्डरचं बटण खटकन बंद केलं. "गाडी? नाही. असंच. वास्तू बघत होतो."

वास्तू! सात मजले काँक्रीट आणि आत टोयोटा.

आता यात कुणीतरी बाई असणार असा माझा पहिला अंदाज होता, आणि मी तो प्रकाशला सांगितलाही. प्रकाश म्हणाला, "कार पार्कमध्ये?" मी म्हटलं, "तेच बघते." आणि दुसऱ्या दिवशी मी चीफच्या मागोमाग निघाले. हातात भाजीची पिशवी, म्हणजे कुणी विचारलं तर उत्तर तयार. तशी गरज नव्हती म्हणा, या माणसाच्या पाठीमागून बँड गेला तरी त्याला पत्ता लागत नाही.

कार पार्क झालं. मग मासळी-भाजीच्या ओल्या बाजाराच्या मागचा चौक. तिथे कोंबड्या कापणाऱ्या बाईच्या गाळ्याकडे हात करून चीफ म्हणाले, "या जुन्या घरांचे कळस बघ, गिरिजा. प्रत्येक धंद्याच्या पंचायतीचं आपलं घर." पुढे काँक्रीटचा कालवा लागतो. त्यात त्या दिवशी वीतभर पाणी होतं आणि एक प्लास्टिकची खुर्ची. कठड्याला रेलून चीफ हळवे झाले. "ही नदी. केवढं पात्र! पलीकडचा काठ धूसर दिसतोय ना?" पलीकडच्या काठावर एक अंकल बनियनवर व्यायाम करत होते, अगदी ठळक. मी खांबामागे पदर तोंडात कोंबून हसत होते.

पण कळस पुढे होता. कालव्यानंतर ते रस्त्यावरच्या ओव्हरहेड ब्रिजपाशी आले आणि पायऱ्या चढायला लागले. चढताना धापा टाकत माइकमध्ये म्हणाले, "आता आपण खाली उतरतोय, गिरिजा. नदीच्या खालून बोगदा आहे. जपून. उतार आहे."

इथे मला पदर पुरला नाही.

हसू ऐकू आलं नाही त्यांना, पण पुलाच्या माथ्यावर वळून बघितल्यावर मी दिसले. पायरीवर बसलेली, भाजीची पिशवी बाजूला कलंडलेली. ते खाली आले. टेप बंद केली. शेजारी बसले. त्यांचा चेहरा बघून माझंच हसू आटलं.

"वहिनी," ते म्हणाले, त्यांच्या हिशेबाने हळू, म्हणजे फक्त बसस्टॉपपर्यंत ऐकू जाईल असं. "मी अँटवर्प बघितलेलं नाही."

"बावीस वेळा गेलात ना?"

"जहाज गेलं. बंदर लागलं की डेकवाले भांग पाडून बाहेर पडतात. आमचं इंजिन समुद्रात बंद करता येत नाही, म्हणून ते बंदरातच उघडायचं. जहाज थांबलं की आमचं काम सुरू. पिस्टन वर काढा, साफ करा, बसवा, दोन दिवसांत निघायचं. एकदा दाढीचं सामान आणायला खलाशांच्या सीमेन्स क्लबच्या व्हॅनमधून गेलो होतो. पाऊस होता. काचेतून कॅथेड्रलचं टोक दिसलं. कॅथेड्रलचं असावं. क्रेनचंही असेल."

"आणि ती पत्रं?"

"क्लबात पुस्तिका फुकट असायच्या. चित्रांच्या."

मी लेस विणणाऱ्या म्हाताऱ्यांचा विचार करत बसले. किती वेळा डोळे पुसले होते मी त्यांच्यावर.

"मग सांगून टाका ना गिरिजाला. हसेल आणि सोडून देईल."

चीफ मान हलवत राहिले. "तिचे वडील गेले तेव्हा मी नव्हतो. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा नव्हतो. दिवस राहिले आणि मूल गेलं, तेव्हाही नव्हतो. दर वेळी मी लिहायचो, आज हे पाहिलं, तू असायला हवी होतीस. ती उत्तरात लिहायची, असू दे, दोघांपैकी एकाने तरी जग बघितलं. तेवढ्यावर तिने पंचवीस वर्षं काढली, वहिनी. आता तिला काय सांगू? एकानेही नाही बघितलं?"

मी कलंडलेली पिशवी सरळ केली.

म्हणून मग हा उद्योग. नकाशावर कंपासपेटीतला डिव्हायडर लावून त्यांनी अंतरं मोजली होती, तेवढीच अंतरं बिशानमध्ये शोधली होती आणि बोलणं चालण्याच्या वेळेत बसावं म्हणून ते चालत चालतच टेप करत होते. घरी रोज ऐकून तपासायचे, चूक सापडली की पुन्हा चालायचे. माझं "गाडी हरवली का" त्यांनी खात्रीसाठी तीनदा पुसलं होतं. "आता टेप स्वच्छ आहे," ते म्हणाले. "मागे एक आवाज नाही."

मी कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली. प्रकाशला सांगितलं, पण नवऱ्याला सांगणं हे सांगण्यात धरत नाहीत.

मे महिन्यात गिरिजा गेली. एका बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतविड्याचं सामान, आणि पर्समध्ये वॉकमन आणि ती कॅसेट. अनघाला मुलगी झाली. महिना संपत आला तरी गिरिजाला घराबाहेर पडायला सवड मिळाली नव्हती आणि चीफ रोज सुटकेचा निःश्वास टाकत होते. त्यांच्या जेवणाचं तिने माझ्यावर सोपवलं होतं. तर एका शनिवारी संध्याकाळी पाच-सव्वापाचला मी डाळिंब्यांच्या उसळीचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. डबा टेबलावर ठेवते तोच फोनवरचा दिवा लुकलुकला. बेल ऐकू येत नाही म्हणून त्यांनी स्वतः बसवलेला दिवा. रिसीव्हरचा आवाजही पार वाढवून ठेवलेला, त्यामुळे गिरिजा अँटवर्पहून बोलली ती थेट माझ्या कानात. मी जायला हवं होतं. मी सोफ्यावर बसले.

"अहो, मी बोलतेय. रस्त्यावरच्या बूथमधून. कार्ड घेतलंय. आज अनघा म्हणाली, मावशी, जरा पाय मोकळे करून ये."

"छान! कुठवर आलीस?"

"तेच विचारायला फोन केला. तुम्ही म्हणताय की मी कॅथेड्रलसमोर आहे. मी चपलांच्या दुकानासमोर आहे."

चीफ ताठ झाले. "किती पावलं चाललीस?"

"तुम्ही म्हणालात तेवढी. मोजून. सकाळपासून मोजतेय."

चीफने कपाळावर हात मारला. मला म्हणाले, "स्लिप! स्लिप धरायची राहिली!" हे मला नंतर समजावून दिलं त्यांनी. जहाजाचा पंखा जितके फेरे फिरला त्या हिशेबाने जहाज जितकं पुढे जायला हवं, तितकं ते कधीच जात नाही. या फरकाला स्लिप म्हणतात आणि चीफ इंजिनियर रोज दुपारी ती काढतो. पंचवीस वर्षं एकही दुपार न चुकवलेल्या या माणसाने आपलं पाऊल आणि नऊवार सोडून पाचवारीत आलेल्या बायकोचं पाऊल एकच धरलं होतं.

"माझं पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटर," ते फोनमध्ये ओरडले. "तुझं पन्नास धर. म्हणजे तू अजून कॅथेड्रलला पोचलीच नाहीस!"

"म्हणजे तासभर मी भलत्याच ठिकाणी मान वर करतेय? अहो, एका इमारतीला मी हात जोडले. आतून माणूस बाहेर आला विचारायला. बँक होती ती!"

मी उशी तोंडावर धरली.

"गिरिजा, घाबरू नकोस. टेप थोडी मागे घे आणि..."

"थांबा. आधी एक विचारायचंय. अँटवर्पला कोकिळा असते का हो?"

"कोकिळा? असेल. मे महिना आहे."

"टेपमध्ये आहे. सारखी ओरडतेय. इथे एकही नाही. कबुतरं आहेत."

चीफने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आमच्या ब्लॉकच्या आवारातली कोकिळा संध्याकाळी इतकी बोंबलते की लोक टाऊन कौन्सिलला पत्रं लिहितात. ऐकू येत नाही ते एका माणसाला.

"आणि आइस्क्रीमवाल्याची घंटा आहे," गिरिजा म्हणाली. "चौकात. आणि नदीपाशी, तुम्ही पलीकडचा काठ धूसर दिसतोय म्हणता ना, तिथे मागे मेधा हसतेय."

खोलीत मला कुठे जायला जागा नव्हती. "मेधाचं हसू मी सातासमुद्रांपलीकडून ओळखीन," ती म्हणाली, आणि हे मी आजही कौतुक म्हणून घेतलेलं नाही.

चीफ खुर्चीवर बसले. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"गिरिजा, मी ते गाव बघितलेलं नाही."

"कधीच?"

"एकदा. व्हॅनच्या काचेतून. त्याचीही खात्री नाही."

तिकडून ट्राम गेल्याचा खडखडाट आला. कार्डाचे आकडे उतरत असणार.

"मग तुम्ही बावीस वेळा काय करत होतात?"

"इंजिन उघडत होतो."

"बाबा गेले तेव्हा?"

"पाच नंबरच्या सिलिंडरमध्ये होतो. तार दुसऱ्या दिवशी हातात पडली."

"तुम्ही लिहिलं होतंत, नदीकाठी बसून रडलो."

"रडलो," चीफ म्हणाले. "नदीकाठी नव्हतो."

मी उशी खाली ठेवली.

चीफ रिसीव्हरकडे असे बघत होते जसे ते बंद पडलेल्या पंपाकडे बघत असतील, कुठून आवाज येतोय का याचा अंदाज घेत. मग ती म्हणाली, आणि आवाज रागावलेलाच होता, "नकाशा आहे का तुमच्याकडे?"

"आहे. समोरच आहे."

"घ्या. आणि ते पावलांचं सोडा आता. मी सांगते ते ऐका. चपलांच्या दुकानाला पाठ करून मी उभी आहे. समोर ट्रामचे रूळ. उजव्या हाताला मोठं मैदानासारखं, मध्ये पुतळा, माणसं बाहेर खुर्च्या टाकून कॉफी पितायत. घरांच्या वरून एक मनोरा दिसतोय."

चीफचं बोट नकाशावरून सरकलं. "सापडलीस! तोच. तेच कॅथेड्रल. कसं आहे?"

"उंच आहे."

"उंच मला पुस्तकानेही सांगितलं, गिरिजा! कसं आहे?"

"दगडाची जाळी विणल्यासारखं. मधून आभाळ दिसतंय. आणि हो, हा एकच मनोरा पूर्ण आहे. दुसरा अर्ध्यावरच टोपी घालून ठेवलाय."

"अर्ध्यावर? का?"

"मला काय विचारता? बावीस वेळा तुम्ही आला होतात!"

चीफ हसले. आधी घाबरत, मग धडधडत, जुनं इंजिन चालू व्हावं तसं. तिकडे ती हसली की नाही ते कळलं नाही, कारण तेवढ्यात कार्ड संपलं आणि फोन बंद झाला.

ते रिसीव्हर हातात धरून तसेच बसले. "वहिनी, दुसरा मनोरा अर्धाच आहे," मला म्हणाले. "हे पुस्तकात असेल, पण मी वाचलं नाही." वाढायला मी ताट घेतलं तर म्हणाले, थांबा, ती नवं कार्ड घेईल. मी म्हटलं, चिडलेली बाई लगेच कार्ड घेत नाही. ते म्हणाले, "घेईल." आणि फोनवरच्या त्या दिव्याकडे बघत राहिले. वीस मिनिटं गेली. उसळ गार झाली. मला त्यांची दया यायला लागली होती आणि घरी प्रकाशला भूक लागली असणार, पण अशा वेळी उठणं माझ्या स्वभावात नाही.

दिवा लुकलुकला. चीफने रिसीव्हर उचलला, पण कानाला लावला नाही. छातीशी धरून माझ्याकडे वळले.

"वहिनी, आता तुम्ही घरी जा."

"मी आपली उसळ..."

"घरी जा."

गेले. करणार काय? दार लावून घेतलं त्यांनी. कॉरिडॉरमध्ये त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं निमित्त काढून मी अर्धा तास उभी होते, तुळस बुडेपर्यंत. आतून एक शब्द आला नाही. त्या माणसाला हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

जुलैत चीफने पंधरा दिवसांची रजा टाकली आणि गिरिजाला आणायला म्हणून अँटवर्पला गेले. विमानाने, पॅसेंजर म्हणून. दोघं परत आली तेव्हा मी स्वागताला दारात होते. चॉकलेटं मिळाली, बाळाचे फोटो बघितले, चपलांच्या दुकानासमोर चीफचा फोटो बघितला. मग गिरिजा एकटी सापडल्यावर मी विचारलं, "त्या दुसऱ्या फोनवर काय बोललीस गं?"

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? मला बाहेर काढलं तो!"

ती चहात साखर ढवळत म्हणाली, "असंच. इकडचं तिकडचं." मी तिच्या वाढदिवसाला विचारलं, गणपतीत विचारलं, तिला ताप होता तेव्हाही विचारलं, तापात माणूस खरं बोलतो म्हणून. काही नाही. चीफना विचारलं तर ते कानाला हात लावून म्हणतात, "काय? ऐकू नाही आलं."